पडद्यावरचा डाग

कोकणातल्या बायका एखादा दिवा विझवायला विसरतील, पण झोपायच्या आधी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करतील म्हणजे करतील. तिकडे वीज पडली की आधी टीव्ही जातो. कुवेतात अशा विजा कितीशा पडतात? पण हे रबियाला कोण सांगणार! फरवानियातल्या तिच्या फ्लॅटात लग्नापासून हाच नेम चालू होता.

मागच्या वर्षी लेकीसाठी, अफ्रीनसाठी, गेमिंगचा मॉनिटर आला. सत्तावीस इंची ओलेड, दोनशे चाळीस हर्ट्झ. म्हणजे चित्र सेकंदाला दोनशे चाळीस वेळा बदलतं, असं अफ्रीनने आईला दोनदा समजावलं आणि आईने दोन्ही वेळा मान डोलावली. त्यातला काळा रंग मात्र तिलाही आवडला. काळ्या जागी उजेडच लागत नाही, म्हणून काळा तो अगदी काजळासारखा. तिच्या नवऱ्याने, तौफीकने, एकच अट घातली होती: रोज दोन तास, वर एक मिनिट नाही. अफ्रीनने शब्द दिला.

एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात डाग दिसला. खेळात तिथे एक पट्टी कायम असते, तिचीच सावली. खेळ बंद केला तरी ती जाईना. नवराबायको मॉनिटर घेऊन दुरुस्तीच्या काउंटरवर गेले. तिथल्या माणसाने हिंदीत विचारलं, वापर झाल्यावर प्लग चालू ठेवता ना? ओलेडचे ठिपके सारखे झिजत नाहीत, म्हणून पडदा बंद झाल्यावर मॉनिटर आतल्या आत स्वतःला सावरून घेतो. वीजच तोडली तर ते राहून जातं. तौफीक ठामपणे म्हणाला, आमच्याकडे प्लगला कोणी हात लावत नाही. रोज रात्री टीव्हीसोबत त्यालाही हात लावणारी रबिया शेजारीच उभी होती. तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. मग एकच अर्थ, तो माणूस म्हणाला, मुलगी फार वेळ खेळते.

घरी तौफीकने लेकीवर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तुझ्या शब्दावर माझा विश्वास होता, एवढंच म्हणून त्याने मॉनिटर कपाटावर ठेवून दिला. अफ्रीनने आईकडे पाहिलं. रबिया कांदे चिरायला निघून गेली.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि चोर रोज दोघांना वाढत होता.

शेवटी शुक्रवारी जेवताना तिने बटणाचं सांगून टाकलं. तौफीक इतका हसला की त्याला ठसका लागला. एवढी वर्षं कुवेतात राहिलीस, तरी तुझ्या कोकणातल्या विजा काही थांबल्या नाहीत, म्हणाला. त्याने लेकीची माफी मागितली, मॉनिटर खाली काढला. सुटले, असं रबियाला वाटलं.

ती भांडी विसळत असताना अफ्रीन मागे येऊन उभी राहिली.

"मला खरंच ठाऊक नव्हतं गो, बटणामुळे असं होतं ते," रबिया म्हणाली.

"बटणाचं इट्स ओके, मम्मा. चुकून झालं." अफ्रीन म्हणाली. "पण मी दोन तासांनी उठायचे तेव्हा तू रोज तिथेच सोफ्यावर असायचीस. यू सॉ मी. अब्बांना तेवढं तरी का नाही सांगितलंस?"

रबियाने नळ बंद केला. लेकीची बाजू घेतली असती तर मग डाग कशाने पडला हा प्रश्न आला असता आणि ती सापडली असती. एवढंच उत्तर होतं. ते अफ्रीनला आधीच कळलं होतं, म्हणून ती ऐकायला थांबलीही नाही.