तारेपलीकडचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. आमच्या जॉर्जियात द्राक्षारसाचे रांजण असेच पुरतात. त्यामुळे मला उचलून नेणे कुणाच्या बापाला जमलेले नाही.

कुंभाराने मला मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत घडवले, भाजले आणि आतून मेण फासले. मग गावाने मला संत गिओर्गीच्या देवळाच्या अंगणात पुरले. मी नवसाचा रांजण. सुगी झाली की प्रत्येक घराने थोडा ताजा रस माझ्यात ओतायचा आणि हिवाळ्याच्या तोंडावर संताच्या सणाला सगळ्यांनी मिळून प्यायचा. मधे एक थेंबही काढायचा नाही. मला रिकामे तर कधीच ठेवायचे नाही, कारण रिकामा रांजण म्हणजे मोडलेला नवस. खालच्या वाडीतले ओसेती लोक वेगळ्या जमातीचे, त्यांची भाषाही वेगळी, पण तेही याच संताला मानतात. सणाला ते पनीर भरलेल्या गरम पोळ्या घेऊन यायचे. माझी फार वाहवा व्हायची आणि मला ती आवडायची, ते कशाला लपवू?

मग लढाई झाली. खालची वाडी दुसऱ्या सत्तेकडे गेली आणि शिपायांनी काटेरी तार ओढली, ती नेमकी गाव आणि देऊळ यांच्या मधून. देवळावर नवा झेंडा चढला. नवा पुरोहित आला आणि संत पहिल्यापासून त्यांच्याच बाजूचा होता, असे सांगू लागला. एवढी वर्षे मी संताच्या पायाशी आहे. संताने मला तसे कधी बोलून दाखवले नाही.

त्या सुगीला झुझुनाकाकू मला धुवायला निघाली. तो मान तिच्या घराण्याचा. चेरीच्या सालीचा लांब दांड्याचा कुंचा घेऊन ती तारेखालून सरपटत आली आणि माझ्यापाशीच पकडली गेली. तिला कोठडीत टाकले. ते वर्ष मी रिकामा राहिलो. माझ्या पोटात कोळ्यांनी जाळी विणली. मला संताप आला, मित्रांनो, भयंकर संताप आला.

पुढच्या सुगीला वाडीतला म्हातारा सोस्लान आला. काकूचा तिथेच पडलेला कुंचा उचलून त्याने मला घासून धुतले. तेवढ्यात वरून, गावाकडून, तारेखालून एक रबरी नळी आली. सोस्लानने तिचे टोक माझ्या तोंडात धरले. वर, कोठडीतून सुटून आलेली काकू द्राक्षे तुडवायच्या डोणीपाशी उभी होती. रस येऊ लागला.

सीमेवरचा अधिकारी धावत आला. "काय चाललंय? हद्द ओलांडताय!"

"मी कुठं ओलांडली? मी इथंच उभी आहे," काकू तारेपलीकडून म्हणाली. "रस उताराला जातो. त्याला कसला पास?"

"ए म्हातारे, पुन्हा आत टाकीन."

"टाक की. मागच्या खेपेला तुमचं सूप अळणी होतं. आता घरून मीठ घेऊनच येते."

अधिकाऱ्याने चाकूने नळी कापली. रस मातीत सांडू लागला. मग काकूने घागर उचलली आणि तिचे तोंड तारेच्या दोन पदरांतून पुढे काढले. सोस्लानने खाली बादली धरली.

"ओत, झुझुना. बादली आमच्या हद्दीत आहे."

काकूच्या मागे सगळे गाव घागरी घेऊन उभे राहिले.

"ठेव ती बादली खाली!" अधिकारी ओरडला.

"साहेब, तुमचे पुरोहितच सांगतात ना, संत आपला आहे म्हणून? मग आपल्याच संताचा रांजण भरतोय मी. आता काय, संतालाही नाही म्हणू?"

अधिकाऱ्याने पुरोहिताकडे पाहिले. पुरोहित झेंड्याकडे पाहत राहिला.

बादलीमागून बादली मी भरत गेलो. शेवटी सोस्लानने दगडी झाकण ठेवून कडेने ओली माती लिंपली. सणाच्या दिवशी त्याने माझ्यातला पहिला पेला तारेतून काकूच्या हाती दिला.

अधिकारी म्हणतो, पुढच्या वर्षी मला पहारीने फोडणार. फोडू दे. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझे तुकडे वेचून काचेच्या कपाटात मांडू नका, खाली पाटी लावू नका. तसले जपणे मला नको. त्याच खड्ड्यात दुसरा रांजण पुरा आणि सुगीला तो भरा.