तपकिरी वाणाचा निकाल

टोचून बोलते म्हणून प्रयोगशाळेत तिला माघारी सगळे टाचणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. उंदरांच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायला तिला मुद्दाम औषध विभागातून आणलं होतं. आल्या आल्या तिने काळ्या, पांढऱ्या आणि तपकिरी अशा उंदरांच्या तिन्ही वाणांचा निकाल लावून टाकला.

चाचणी साधी. गोल हौद, पाण्यात पांढरा रंग कालवलेला आणि पाण्याखाली बोटभर दडवलेला एक चौथरा. भिंतीवर चौकोन, त्रिकोण, चांदणी. या खुणांवरून उंदराने चौथरा गाठायचा. काळे चौथ्या दिवशी दहा सेकंदांत पोचू लागले. पांढरे धांदरट, पण रडतखडत पोचायचे. तपकिरी मात्र मिनिटभर कडेकडेने पोहत राहायचे. शेवटी तिलाच गाळणीने उचलून काढावं लागे.

जेवणाच्या सुट्टीत ती त्यांची नक्कल करून दाखवी. "ढ ते ढ, वर ऐट बघा कशी!" लोक पोट धरून हसत. मग अहवालात तिने लिहिलं, वाण मंदबुद्धी, चाचणीस निरुपयोगी, बंद करावा. साहेबांनी सही ठोकली. शुक्रवारी चाळीस पिंजऱ्यांतले उंदीर मारायचे ठरले.

बुधवारी उंदीरघर सांभाळणारे काका दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तपकिरी खरंच जाणार?"

"काका, काय करायचंय असल्या मठ्ठांचं? चार दिवसांत एक चौथरा सापडत नाही!"

"खुणा दिसल्या तर सापडेल ना. आंधळे आहेत ते."

तिचं पेन थांबलं. "कोणता आंधळा आहे?"

"सगळेच. डोळे उघडतात, आणि आईचं दूध सुटेस्तोवर दिवा विझतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावतोय, मॅडम. एकाला जे, तेच सगळ्यांना. अकरा वर्षं बघतोय मी."

"मग आधी सांगायचं नाही का?" तिचा आवाज चढला.

काका फरशीकडे बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी आलो होतो. तुम्ही म्हणालात, काका, तुम्ही पिंजरे बघा, उंदीर मी बघते."

म्हणाली होती. वर हसलीही होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काका गेल्यावर तिने चौथरा पाण्याच्या वर आणला आणि त्यावर काळी झेंडी रोवली. काळा उंदीर सरळ झेंडीकडे गेला. तपकिरी झेंडीच्या वीतभर अंतरावरून निघून गेला. तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो भरकटत नव्हता. मिशा भिंतीला लावून, एकही जागा न सोडता, तो हौदाची पुरी फेरी मारत होता. दिसत नसताना माणसानेही दुसरं काय केलं असतं? आणि याचीच नक्कल करून ती टाळ्या घेत होती.

साहेबांना पत्र लिहायला बसली. 'माझी चूक झाली' लिहिलं, खोडलं. 'फेरतपासणीत वाणाची दृष्टी अधू असल्याचे निदर्शनास आले.' कुणी आणून दिलं, याला त्या वाक्यात जागाच नव्हती. कचेरीत अशी वाक्यं तयार मिळतात.

"वा!" साहेब खूश झाले. "वेळेवर पकडलंत. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"सर, पण..."

तोवर साहेबांनी जुना हुकूम फाडून टोपलीत टाकला होता. आणि तिने तो 'पण' गिळला.

गुरुवारी काका पिंजऱ्यांची गाडी ढकलत आले, तिला बघून थांबले.

"तुमच्यामुळे वाचले हो, मॅडम. मला वाटलं होतं, आपलं कोण ऐकतंय."

बोलायला याहून सोपी वेळ कुठली? समोर माणूस, मधे कुणी नाही.

"असू दे, काका," ती म्हणाली.

असू दे! जणू उपकार तिचेच होते. काकांनी हात जोडले आणि गाडी पुढे घेतली.

साहेबांच्या खोलीला दोन जिने चढावे लागत. काकांचं नाव सांगायचंच म्हणून एक ती तरातरा चढली. मधल्या कठड्याशी येऊन मात्र थांबली. येणारेजाणारे "चला ना मॅडम" म्हणत होते आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "तुम्ही व्हा पुढे."