दोरीवरचे फिल्टर

वहिनीला घाणीचं भारी वावडं. घरी पाहुणा आला की ती आधी त्याच्या चपलांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. दादा म्हणायचा, "मलाही एकदा पिळून दोरीवर टाक, म्हणजे तुझा जीव शांत होईल."

दादा बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यात रंगारी होता आणि मी तिथेच फिटर. पत्रे ठोकायचं काम माझं, त्यांना रूप आणायचं त्याचं. बंद खोलीत उभं राहून रंगाची फवारणी करायची, तोंडावर रबराचा मास्क, मास्कच्या दोन्ही गालांवर दोन गोल डब्या. त्यांना आम्ही फिल्टर म्हणतो. रंगातलं विष या डब्यांनी अडवायचं आणि माणसानं चांगली हवा ओढायची, असा सगळा बेत.

आता हे फिल्टर बदलायचे कधी? आमच्या स्टोअरकीपरनं त्यावर स्वतःचं डोकं चालवलं होतं. खिडकीतून फिल्टर हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा. वरची चकती रंगानं माखलेली असेल तर नवा द्यायचा, पांढरी असेल तर "अजून चालेल" म्हणून तोच परत. कुणी हुज्जत घातली की विचारायचा, "मला डोळे नाहीत का?" डोळे होते, त्यांनीच घात केला.

दादाचा फिल्टर कधी माखलेला दिसायचाच नाही. मास्क ज्यानं त्यानं घरी न्यायचा आणि स्वच्छ ठेवायचा, अशी तिथली पद्धत. बाकीचे तो पिशवीत कोंबून तसाच परत आणायचे. वहिनी मात्र दादा दारात आला की त्याच्या हातातून पिशवी काढून घ्यायची. रबर धुवायची, पट्टे धुवायची, डब्या साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायची आणि मागच्या दोरीला चिमट्यानं लटकवायची. कारखान्यात सगळे दादाला चिडवायचे, "आला बघा, इस्त्रीचा मास्क आला!" दादा आणखीच फुशारायचा.

"अरे, हा तर माझ्याकडच्या नव्यापेक्षा नवा दिसतोय," स्टोअरकीपर त्याला म्हणायचा आणि परत पाठवायचा. एकदा तर मोठ्या साहेबांनी दादाचा मास्क सगळ्यांसमोर उंच धरला. "शिका याच्याकडून. घरी जाऊन बायकांनाही सांगा." टाळ्या पडल्या. दादाला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मेलं अजून चालतंय.

मग खोकला सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी गायब आणि कामावर गेलं की हजर. दादा हसून म्हणायचा, "खोकला माझ्यासारखाच, कामाला पक्का." वहिनी हसली नाही. "मास्कमध्ये कुठेतरी घाण राहत असणार," ती म्हणाली, आणि डब्या गरम पाण्यात भिजत घालायला लागली. दादाला जिना चढताना मध्येच बसावं लागायला लागलं, तशी ती आणखी जोर लावून घासायची. दादा पुन्हा खिडकीवर गेला. स्टोअरकीपरनं फिल्टर उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

एका दुपारी तो रंगाच्या खोलीतच कोसळला. मी धावत गेलो तेव्हा मास्क तोंडावर घट्ट होता. काढला तर आत ओठ निळे पडलेले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "मास्क वापरत होते ना?"

"जेवायला विसरेल, पण मास्क नाही."

त्यांनी मास्क बघायला मागितला. तो वहिनीनं घरी नेला होता. ती घेऊन आली, तोही धुऊन. ती पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा बाईंनी एक डबी फोडली. आतून काळा, ओला गोळा निघाला.

"यात कोळशाचे दाणे असतात. वाफा तेच शोषतात," बाई म्हणाल्या. "पाणी लागलं की संपलं. हे कधी धुवायचं नसतं, ठरल्या वेळी फेकायचं असतं. असा मास्क घातला काय नि न घातला काय!"

मी फुटलेल्या डबीचे तुकडे गोळा केले. वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा ते तुकडे मी खिशात घातले होते. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "मास्क चांगला आहे म्हणाल्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दादा गेला.

मी ठरवलं, हे माझ्याबरोबरच मरेल. नवरा गेलाय, त्यात हे कशाला? तोंडाला कुलूप घातलं आणि घरात बसून राहिलो. चार दिवसांनी वहिनीकडे निघालो, तर मागच्या गल्लीत पाय थबकले. सगळी कारखान्यातल्या लोकांचीच घरं. घरोघरच्या दोरीवर, मोजे आणि टॉवेलांच्या मधे, चिमट्यांना फिल्टर लटकत होते. पांढरे शुभ्र. साहेबांचं ऐकून सगळ्या बायका वहिनीकडून शिकल्या होत्या.

वहिनी मोरीत बसली होती. हातात ब्रश आणि कुणाचा तरी फिल्टर. "शेजारणीचा नवराही खोकायला लागलाय, भाऊजी. तिला नीट घासता येत नाही, म्हणून म्हटलं..."

"वहिनी, ते खाली ठेवा."

मी सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"पाण्यानं?" तिनं विचारलं.

"पाण्यानं."

"म्हणजे मी जितकं जास्त..." ती थांबली. नळ तसाच वाहत होता. मग ती उठली, बादली रिकामी केली आणि बाहेर पडली. प्रत्येक दोरीवरचे फिल्टर ओढून बादलीत टाकायची, दार वाजवायची आणि सांगायची, "हे धुऊ नका. माझा नवरा यानंच गेला. मीच धूत होते." मी मागून ओरडत होतो, "वहिनी, तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!" तिनं वळून बघितलं नाही.

बादली घेऊन ती थेट कारखान्यात स्टोअरच्या खिडकीशी गेली. पाळी बदलायची वेळ होती, रंगारी रांगेत उभे होते. "हे सगळे बदलून द्या," ती म्हणाली.

स्टोअरकीपर तिला बघून वरमला. पण हाताची सवय कुठे जाते? त्यानं बादलीतला एक फिल्टर उचलला, उलटसुलट करून बघितला.

"वहिनी, हे तर स्वच्छ आहेत. अजून चालतील."

वहिनीनं तो त्याच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर आपटून फोडला. काळा चिखल त्याच्या बाहीवर उडाला.

"मग तुम्ही घाला," ती म्हणाली. "घाला तोंडाला आणि जा त्या खोलीत."

रांगेतल्या पहिल्या रंगाऱ्यानं आपला मास्क काढून कट्ट्यावर ठेवला. मग त्याच्या मागच्यानं ठेवला.