चौऱ्याण्णव प्रवासी

नदी ओलांडायला आमच्या लाँचला सात मिनिटं लागायची. त्याआधी आठ लागायची. मग वरून नियम आला की उशीर झाला तर चालकाचा पगार कापायचा, आणि सारंग बरोबर सातव्या मिनिटाला धक्क्याला लागायला लागले. प्रवासी खूश झाले. माझं मात्र दर फेरीला एक मिनिट गेलं, आणि त्याची दाद मागायला कुठलं कार्यालय नसतं.

सारंग म्हणजे लाँच चालवणारे. मी तिकिटं फाडणारी, म्हणजे पूर्वी फाडणारी, नंतर यंत्राची बटणं दाबणारी. अठरा वर्षं ते केबिनमध्ये सुकाणूवर आणि मी केबिनच्या दाराशी स्टुलावर. ते दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत. त्यातली चार पाण्याबद्दल, तीन स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. उरलेली तीन माझ्या वाट्याची. थर्मासमधला चहा आधी माझ्या कपात ओतत आणि मग स्वतःच्या.

उगाच आडपडदा कशाला? मला हा माणूस आवडायचा. सुट्टीचा दिवस मला खायला उठायचा. मी भावाकडे राहते, पलीकडच्या काठावर. वहिनी म्हणायची, "वन्सं, लोक सुट्टीची वाट बघतात, तुम्ही कामाची बघता." मी म्हणायची, घरात तुझं तोंड बघण्यापेक्षा पाणी बरं. ती हसायची आणि विषय संपायचा.

सारंगांच्या घरी बायको होती, नातवंडं होती. बायको चांगली, तिथेच तर सगळी पंचाईत. एका थंडीत तिने माझ्यासाठी मफलर विणून पाठवला. तो गळ्यात घालून मी काय बोलणार होते? आणि बोलायचं नव्हतंच. मला फक्त ती सात मिनिटं हवी होती, दिवसातून सोळा वेळा, मरेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत.

आणि नेमकं त्यावरच परिपत्रक आलं. ज्या जलमार्गावर रोजचे सरासरी साठ प्रवासी नसतील, तो वर्षअखेरीस बंद. नव्वदच्या वर असतील तिथे पूल बांधणार. सारंगांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मी म्हटलं, "नव्वद! दोन्ही काठांवरच्या शेळ्या चढवल्या तरी व्हायचे नाहीत." ते हसले नाहीत.

आमचे खरे प्रवासी चौतीस. मी आठवडाभर मोजले, कमी-जास्त करून चौतीसच.

यंत्रावर चौथं बटण ज्येष्ठांचं होतं. त्यांना प्रवास फुकट, त्यामुळे तिकीट निघे, पैसे लागत नसत. दुपारी सारंग जेवून केबिनमध्येच डुलकी काढायचे. तेवढ्या वेळात मी मागच्या बाकावर बसून तीस वेळा चौथं बटण दाबायची. तीस म्हातारे रोज माझ्या लाँचमधून पार जाऊ लागले. भीती वाटायची, पण लाज वाटली नाही. ज्यांनी नियम केला त्यांना माणसं नको होती, आकडा हवा होता. तो मी दिला.

वर्ष सरलं. जिल्ह्याच्या कचेरीतून साहेब आले, सोबत फोटोवाला. धक्क्यावर खुर्च्या मांडल्या, आम्हा दोघांना पुढे बसवलं. मार्ग वाचला म्हणून सत्कार असणार, असं मी धरून चालले होते. नवी साडी नेसले होते.

साहेब कागद बघून म्हणाले, "रोजचे सरासरी चौऱ्याण्णव प्रवासी! त्यातले साठाहून जास्त ज्येष्ठ. एवढ्या वयोवृद्धांना रोज बोटीतून न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून इथे पूल मंजूर झाला आहे. खांबांचं काम सुरू होईल, तेव्हा पुढच्या महिन्यापासून लाँच बंद."

टाळ्या वाजल्या. मी मनात हिशोब करत बसले. चौतीस आणि माझे तीस, चौसष्ट. पुन्हा केला. चौसष्टच. वरचे तीस कुठून आले?

दुसरं यंत्र केबिनमध्ये असायचं, मी रजेवर असले की वापरायला. दोन्ही यंत्रांचे आकडे परस्पर कचेरीत जात. रोज संध्याकाळी मला माझ्या काठावर उतरवून सारंग रिकामी लाँच घेऊन एकटे परत जायचे.

मी शेजारी पाहिलं. सारंग मान खाली घालून हारातल्या पाकळ्या एकेक करून खुडत होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणजे यांनाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला ते कळलं, तेही साहेबांच्या भाषणातून. इतका आनंद झाला आणि इतकं रडू आलं की मी फोटोत कशी आले असेन देव जाणे.

महिनाभर आम्ही त्यावर बोललो नाही. त्यांची बदली समुद्राकाठच्या बंदरात झाली, इथून एका रात्रीचा प्रवास. मला पुलाच्या चौकीवर नेमणूक मिळाली, बढती म्हणून.

शेवटच्या दिवशी शेवटच्या फेरीला चारच प्रवासी होते, आणि ते पुढे जाऊन बसले होते. मी स्टूल केबिनच्या आत ओढलं.

"किती दाबायचात?" मी विचारलं.

"तीस."

"तीसच का?"

"साठाला सव्वीस कमी पडत होते. चार वर, असू द्यावेत म्हणून."

माझाही हिशोब अगदी असाच होता. मला त्यांचा राग आला, खरंच आला. "अहो, एकट्याचे तीस पुरले असते! तुमचे किंवा माझे. लाँच चालू राहिली असती. एक शब्द बोलला असतात मला, तर मी कशाला दाबलं असतं?"

ते हळूच म्हणाले, "आणि तुम्ही विचारलं असतंत, का दाबता म्हणून. मग काय सांगितलं असतं, बाई?"

वर्षभर मीही त्याच भीतीने गप्प होते. पलीकडचा धक्का जवळ आला, पुढचे चौघे पिशव्या उचलून उभे राहिले. मी दोर हातात घेतला आणि उतरले; त्या दिवशीही बरोबर सातच मिनिटं झाली होती.