बघायचं प्रात्यक्षिक

त्या रविवारी बाबांची कळी खुलली होती. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं शपथबद्ध भाषांतरकाराचं काम निम्म्यावर आलं होतं, आणि ते निम्मंही लेकीच्या जिवावर चाललं होतं. ती आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये नमुने तपासायची आणि रविवारी बाबांचे डोळे व्हायची. ती वाचून दाखवायची, बाबा परक्या भाषेत सांगायचे, ती टाइप करायची.

“टायपिस्टबाई, झोप लागली का?”

“मालक, जरा दमानं. माणूस आहे मी.”

दोन वर्षांत तिच्या हातून जन्मदाखले गेले, घटस्फोटाचे निकाल गेले, पंपांची माहितीपत्रकं गेली. अभ्यासक्रमाचं काम मात्र हल्ली बाबा घ्यायचेच नाहीत. किचकट असतं, म्हणायचे. पण आज जिचे कागद समोर होते ती मुलगी शेजारणीची होती, नाही म्हणवलं नाही. औषधशास्त्राची दोन वर्षं इथे झालेली, तिसरं परदेशी विद्यापीठात करायचं. तिथले लोक प्रत्येक विषयाची ओळ न् ओळ, तास न् तास आपल्या विषयांशी ताडून बघतात. जुळलं तर धरतात, नाही तर पुन्हा श्रीगणेशा.

“प्रात्यक्षिक, साठ तास,” तिने वाचलं.

बाबांनी क्षणात शब्द सांगितला. तिची बोटं थांबली.

“हा शब्द घालायचा?”

“मग कुठला? हा करायच्या प्रात्यक्षिकाचा. दुसरा आहे तो बघायच्या प्रात्यक्षिकाचा, सरांनी टेबलावर करून दाखवायचं आणि पोरांनी माना डोलवायच्या. तो घातला तर एकही तास धरणार नाहीत. पोरीची दोन वर्षं पाण्यात जातील.”

एवढं बोलून बाबांनी तोंड एकदम खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, “वाच पुढे.”

ती वाचत राहिली. तो दुसरा शब्द तिला पाठ होता. एकवीस वर्षांपूर्वी, रसायनशास्त्राची दोन वर्षं संपवून तिने अशीच बदली मागितली होती, तेव्हा नकाराच्या पत्रात तो आला होता. तुमच्या अभ्यासक्रमात फक्त ‘हे’ आहे, प्रयोगशाळेचे तास शून्य, असं त्यात म्हटलं होतं. भाषांतर बाबांनीच केलं होतं, पण ते सीलबंद जायचं, उमेदवाराने बघायचं नाही, असा नियम होता. बाबा म्हणाले होते, तुमच्या प्रयोगाच्या सरांनी दाखलाच धड लिहिला नाही.

विचारू, पुढच्या रविवारी विचारू, असं तिने ठरवलं. सोमवारी सकाळी दाढी करता करता बाबा बेसिनपाशी कोसळले, ते गेलेच.

पाचव्या दिवशी शेजारीण चाचरत दारात आली. “वेळ नाही ही विचारायची, पण पोरीची मूळ कागदपत्रं...”

ती काढायला तिने बाबांचं कपाट उघडलं. केलेल्या प्रत्येक भाषांतराची प्रत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं, आणि बाबा शिस्तीचे होते. शेजारणीला कागद आणि दुसऱ्या भाषांतरकाराचा पत्ता देऊन ती परत कपाटाशी आली. स्वतःच्या वर्षाचा गठ्ठा तिने खाली घेतला.

तिच्याच कॉलेजच्या चार मुलांचे अभ्यासक्रम त्यात होते. सरांचा दाखलाही तोच, अक्षर न् अक्षर. चौघांच्या कागदांत करायचं प्रात्यक्षिक. तिच्या कागदांत, अकरा ठिकाणी, बघायचं. पहिल्या ठिकाणी पांढरी शाई लावलेली होती. तिने पान खिडकीशी धरलं. आधी सवयीने बरोबर शब्द टाइप झाला होता. तो खोडून, शाई वाळू देऊन, वर दुसरा बसवला होता. पुढच्या दहा ठिकाणी खाडाखोड नव्हती.

आई पलंगावर बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. लेकीच्या हातातलं पान तिने पाहिलं आणि घडी अर्धीच राहिली.

“तुला माहीत होतं.”

“पाकीट मीच पोस्टात टाकलं,” आई म्हणाली. “टाकायच्या आधी सांगितलं होतं ह्यांनी.”

“आणि तरी टाकलंस.”

“टाकलं.”

“वीस वर्षं मी सरांच्या नावाने बोटं मोडली, आई. ते समोरून आले की मी रस्ता बदलायचे. परवा-परवापर्यंत. त्यांना कळायचंसुद्धा नाही, ही पोरगी अशी का वागते. बाबा सोबत असायचे. ‘जाऊ दे गं, नियमापुढे कुणाचं काय चालतं,’ म्हणायचे.”

“त्यांच्या जिवाला काय कमी लागलं होतं? पत्र आलं त्या दिवशी जेवले नाहीत.”

“मीही नव्हते जेवले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.”

आईने शर्ट मांडीवर घेतला. कॉलर नीट केली, पुन्हा केली.

“एकच धसका घेतला होता त्यांनी. पोर गेली की परत यायची नाही. मी किती समजावलं. म्हटलं, तीन वर्षांचा तर प्रश्न, शिकेल आणि येईल. आपलं लेकरू आहे, आपल्याला टाकून कुठे जातंय? नाही पटलं त्यांना. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणाले. पण मी छातीठोक सांगत होते, ती येणार म्हणून. आली असतीस ना तू?”

तिने पान गठ्ठ्यात परत ठेवलं. नाडी बांधायला घेतली, पण गाठ बसेना.

“नसते आले,” ती म्हणाली. “अर्ज केला तेव्हाच ठरवलं होतं. या घरात मला श्वास घेता येत नव्हता, आई. मी तुम्हा दोघांपासूनच लांब निघाले होते.”