धाकट्या भाराचं नाणं

गावातल्या जुन्या नाण्यांची नोंद करायला आलेल्या योगिनीने अंबूबाईची नाणी वर्तमानपत्रावर ओळीने मांडली आणि पुन्हा मोजली. सात. पाच झिजून गुळगुळीत, एकाची कड तुटलेली आणि सातवं हिरव्या खपल्यांखाली पुरतं दडलेलं. खिशात मावणाऱ्या वजनकाट्यावर ते ठेवून तिने वहीत लिहिलं: दोन पूर्णांक एक्क्याऐंशी ग्रॅम.

"ते सातवं जपून गो," मुळ्या कुटता कुटता अंबूबाई म्हणाली. "धाकट्या पोरांना काविळीची मुळी मी त्याच्याच भारानं देते. सासऱ्याला बांधावर गावलेलं. पाणीसुदा लावत नाय त्याला."

शेणवे गावात या औषधासाठी पार कसाऱ्याहून माणसं येत. रसायनशास्त्र शिकलेल्या योगिनीला मुळीबद्दल शंका होत्या. पण आत्ता तिची नजर खपलीच्या फटीतल्या एका इवल्या पायावर खिळली होती. पाय शिपायाचा होता, आणि असा शिपाई तिने फक्त रोमन नाण्यांच्या फोटोत पाहिला होता.

अंबूबाई पाला आणायला परसात गेली.

एकच खपली, असं मनाशी म्हणत योगिनीने करवंदीचा काटा उचलला. गुडघा दिसला. मग भाला. समोर दुसरा शिपाई. दोघांच्या मध्ये एक निशाण असेल तर नाणं थोडं अलीकडचं, दोन असतील तर आधीचं. एक काठी उघडी पडली. तिने श्वास रोखून शेजारची खपली उडवली.

"दोन! आजी, दोन!"

अंबूबाई धावत आत आली. "काय दोन? इंचू?"

"निशाणं! रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाच्या वेळचं आहे हे. जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वीचं!"

अंबूबाईने नाणं उजेडाकडे धरून पालथं केलं. मागची खपलीही निसटून तिथला चेहरा मोकळा झाला होता.

"बादशा कसला? दाढी नाय, मिशी नाय. बायकोनं भादरला वाटतं."

योगिनी खळखळून हसली. अंबूबाईही हसत होती. हसता हसता तिने नाणं दोन बोटांत फिरवलं, तळहातावर वरखाली केलं, आणि तिचं हसू थांबलं.

"हलकं लागतंय गो."

अंगणातून गावातल्या सुनीलची हाक आली. "अंबूआजी, पोराला आणलाय. डोळे पिवळेजर्द झालेत त्याचे."

"बस जरा. आले," म्हणत अंबूबाईने खुंटीवरची तागडी काढली आणि ती नाणं पारड्यात ठेवायला गेली.

"थांबा आजी."

योगिनीने नाणं तिच्या हातून घेऊन वजनकाट्यावर ठेवलं. दोन पूर्णांक सेहेचाळीस. तिने वर्तमानपत्राची घडी घातली, हिरवी भुकटी घडीच्या खाचेत गोळा केली, जमिनीवर उडालेले कण ओल्या बोटाने टिपून त्यात झटकले आणि सगळं हळूहळू नाण्यावर ओतलं.

आकडा चढत गेला आणि थांबला.

दोन पूर्णांक चौऱ्याहत्तर. वहीत एक्क्याऐंशी लिहिलेलं होतं.