शाळेमागचा पंप

दारासमोर हातपंप असताना साहेब रोज ऑफिसातून पाण्याचा कॅन भरून आणत, आणि गल्ली रोज हसे. "साहेबांच्या घशाला आपलं पाणी टोचतं!" गल्लीला तो थाट वाटे. घरात मात्र त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

साहेब जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात होते. त्यांचे वडीलही तिथूनच निवृत्त झालेले. तिथं एक रीत मुरलेली होती. पाणी तपासायचं, निकाल वर पाठवायचा, आपल्या घरापुरती काळजी घ्यायची आणि मूग गिळून बसायचं. पूर्वी एकदा वाईट पंपांना लाल रंग दिला होता. घरांच्या किमती पडतील म्हणून ओरड झाली, रंग खरवडला गेला. तेव्हापासून गप्प बसण्याला तिथं शिस्त म्हणत.

साहेबांशी लग्न होऊन आलेल्या सुनेला एवढंच सांगितलं, पंपाचं पाणी प्यायचं नाही आणि बाहेर बोलायचं नाही. कारण तिनं खोदून खोदून काढलं. पाण्यात फ्लोराइड फार होतं, त्यानं वाढत्या मुलांची हाडं वाकतात. शाळेमागच्या पंपाचं पाणी चांगलं होतं, पण तो लांब, त्याचा दांडाही जड. तिकडं कोणी फिरकत नसे.

समोरच्या शिंपीणबाईंची थोरली मुलगी वाकड्या पायांनी डुलत शाळेत जाई. "आमच्या घराण्यातच आहे ते," असं म्हणून त्या मशीन चालवत राहत.

त्या सकाळी सून कपडे वाळत घालत होती. शिंपीणबाई धाकट्याला कडेवर घेऊन पंपावर आल्या.

"आजपासून याला वरचं सुरू करतेय, वहिनी. भात अगदी मऊ शिजवते, भरपूर पाणी घालून."

सून तशीच घरात आली. साहेब बूट घालत होते.

"अहो, तिचं बाळ आजपासून ते पाणी पिणार."

"निकाल वर पाठवलाय. वरून परवानगी आली की जाहीर करू."

"वर म्हणजे कुठं?"

"मला काय माहीत?" साहेब दमल्या आवाजात म्हणाले. "नोकरी घालवतेस का माझी?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "मी नोकरीत होतो तेव्हाही ते वरच होतं," ते म्हणाले.

सुनेनं कॅन उचलला आणि ती सरळ समोरच्या घरात गेली.

"हे पाणी घ्या. पंपाचं देऊ नका बाळाला, हाडं वाकतात त्यानं. ऑफिसात तपासलंय. शाळेमागचं चांगलं आहे."

शिंपीणबाईंनी गॅस बंद केला. त्यांची नजर दप्तर भरणाऱ्या थोरलीकडे गेली.

"कधी तपासलं?"

सून दाराकडे वळली. तिला परत बोलवायला आलेले सासरे दारात उभे होते. आता त्यांनाच बोलावं लागलं.

"ही जन्मायच्या आधी."

"काका, ही तुमच्याच अंगणात खेळायची," शिंपीणबाई म्हणाल्या. "तहान लागली की तुमच्याकडे पाणी मागायची. पंपावर जा, असं तुम्हीच सांगायचात."

म्हातारा मान खाली घालून परतला. त्यानं माळ्यावरून लाल रंगाचा जुना डबा काढला. साहेब घाबरून मागे धावले.

"बाबा, वरून विचारलं तर?"

"माझं नाव सांग. बाकी काय सांगायचं होतं, ते सगळं राहूनच गेलंय."

गल्ली गोळा झाली. म्हाताऱ्यानं पंप रंगवला आणि ज्याला त्याला कारण सांगितलं. आज कोणी हसलं नाही. बायका घागरी घेऊन शाळेमागं निघाल्या.

थोरलीनंही भावासाठी कळशी उचलली. सगळ्यांच्या मागून ती डुलत डुलत निघाली. इतरांना तो पंप जरा लांब होता. तिच्या पायांना फारच लांब होता.